दिसावं सगळ्यांना, ऐकू यावं एकालाच

विदर्भातल्या जिल्हा परिषद शाळांचे गटशिक्षणाधिकारी, केंद्रप्रमुख आणि मुख्याध्यापक यांना खुलं पत्र

सन्माननीय साहेब, मॅडम आणि माझ्यासारखीच शाळा ओढणाऱ्या मुख्याध्यापक बंधू-भगिनींनो,

मागच्या पावसाळ्यात सातवीतल्या एका मुलाने मला विचारलं, "बाई, चष्मा फुकट भेटते का?"

त्याच्याशी एकट्याने बोलायची ती माझी तिसरी वेळ होती. आधीच्या दोन्ही वेळा तो दहा-दहा मिनिटं समोर बसून चपलेच्या तुटलेल्या अंगठ्याची दोरी सोडत आणि पुन्हा बांधत राहिला. मी विचारलं तेवढ्याला "हो" नाही तर "नाही", बाकी काही नाही. तिसऱ्या वेळी मी काही विचारलंच नाही, पटांगणातल्या कडुलिंबाखाली त्याच्याबरोबर नुसती बसले. तेव्हा त्याने हा प्रश्न काढला. त्याला फळ्यावरचं दिसत नव्हतं आणि ते चौथीपासून दिसत नव्हतं.

तुम्ही म्हणाल, दरवर्षी आरोग्य तपासणी होते ना. होते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक आमच्याही शाळेत येतं आणि मनापासून काम करतं. या मुलाचीही तपासणी झाली होती. व्हरांड्यात मुलांची रांग, भिंतीवर अक्षरांचा तक्ता, पुढचा मुलगा मोठ्याने वाचतोय आणि मागचे ऐकतायत. याने पुढच्या सहा जणांचं ऐकून तक्ता पाठ केला आणि स्वतःचा नंबर आल्यावर घडाघडा म्हणून दाखवला. पथकाच्या कागदावर नजर चांगली अशी नोंद झाली. आमच्या कागदावर मात्र "लक्ष देत नाही, फळ्यावरची उदाहरणं चुकीची उतरवतो" अशी नोंद होती आणि ती माझ्याच हातची होती.

"काऊन नाही सांगितलं रे आधी?" मी विचारलं.

"पोट्टे चिडवतात. अन् बाबापाशी कापूस इकल्याबिगर पैसे नसते."

ग्रामीण रुग्णालयात नेल्यावर डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांना मोठा नंबर सांगितला. चष्मा शासकीय योजनेतून मिळाला, पैसा लागला नाही. रांगेत सगळ्यांसमोर जी गोष्ट त्याने तीन वर्षं लपवली, ती कडुलिंबाखाली एका माणसाजवळ बाहेर आली. हे पत्र मी त्यासाठीच लिहिते आहे. आपल्या शाळांमध्ये प्रत्येक शिक्षकाशी, प्रत्येक कर्मचाऱ्याशी आणि प्रत्येक मुलाशी एकट्याने, ठरलेल्या वेळी बोलण्याची सोय असावी, आणि त्या वेळेला वरच्या कार्यालयाने हात लावू नये, एवढीच माझी मागणी आहे.

जरा आठवून पाहा, आपल्या शाळेत दोन माणसांमध्ये असं काय घडतं? परिपाठ सगळ्यांसमोर. हजेरी सगळ्यांसमोर. "तुझी शिष्यवृत्ती आली, बँकेचं पासबुक आण" हेही सगळ्यांसमोर, म्हणजे कोणाच्या घरी काय येतं ते वर्गाला कळतं. पालक सभेत बापाला मुलाचे गुण चारचौघांत सांगायचे, मग घरी गेल्यावर त्या मुलाचं काय होतं ते आपल्याला दिसत नाही. शिक्षकांचंही तेच. माहिती भरायची राहिली तर शाळेचं नाव व्हॉट्सॲप ग्रुपवर लाल रंगात. खुलासा मागायचा तर ग्रुपवर. कौतुक करायचं तर तेही ग्रुपवर, खाली चाळीस अंगठे.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका आढावा बैठकीत माझं नाव पुकारलं गेलं. उभी राहिले. साठेक जण बसलेले. वाचन येणाऱ्या मुलांची टक्केवारी विचारली आणि आकडा सांगितल्यावर "मग तुम्ही पगार कशाचा घेता?" असं विचारण्यात आलं. माझ्याकडे उत्तर होतं. शाळेतलं दुसरं पद सात महिन्यांपासून रिकामं होतं आणि चार वर्ग मी एका खोलीत सांभाळत होते. पण साठ माणसांसमोर ते कारण सांगणं म्हणजे रडगाणं ठरलं असतं. मी खाली बसले. त्या दिवसाचा मला आजही राग येतो. पुढे मी स्वतः प्रभारी मुख्याध्यापिका झाले, आणि पहिल्या वर्षी शिक्षकांच्या बैठकीत मीही हेच केलं. दुसऱ्याला वाईट वाटेल हे मला कळत होतं, पण काम करून घ्यायची दुसरी रीत मी कुठे पाहिलीच नव्हती.

आमच्या शाळेत पहिलीला एक तरुण शिक्षक आहेत, बदलीने दुसऱ्या जिल्ह्यातून आलेले. दोन महिने झाले तरी त्यांच्या वर्गात आवाज नाही. मुलं गप्प, सर गप्प. मी मनात ठरवून टाकलं होतं की यांना शिकवण्यात रस नाही, आणि गोपनीय अहवालात तसं लिहिण्याची तयारीही केली होती. मग दर पंधरवड्याला एकेका शिक्षकाशी वीस मिनिटं बोलायचं असं मी सुरू केलं. त्यांच्या दुसऱ्या पाळीला ते म्हणाले, "मॅडम, मुलं काय बोलतात ते मला कळत नाही. सर्वांसमोर सांगितलं असतं तर सगळे म्हणाले असते, एवढंही येत नाही."

आमच्याकडे निम्मी मुलं पोडावरून, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरून येतात. घरी कोलामी बोलतात. कोलामी ही द्रविड कुळातली भाषा, मराठीचा कितीही कान असला तरी ती उमगत नाही. सहा वर्षांचं पोर आईच्या भाषेत पाणी मागतं आणि सरांना वाटतं ते काहीतरी पुटपुटतंय. आता यावर उपाय कोणी दिला, तर पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंनी. त्यांच्याशीही मी बोलायला लागले होते. पहिल्या वेळी त्या फार घाबरल्या, त्यांना वाटलं कामावरून काढायला बोलावलं. तिसऱ्या वेळी त्यांनी सांगितलं की त्या कोलाम आहेत, सातवीपर्यंत शिकल्या आहेत, आणि पहिलीतल्या पोरांचं त्यांना रोज ऐकू येतं. आता डाळ चुलीवर चढवली की त्या अर्धा तास पहिलीच्या वर्गात बसतात. सरांनी त्यांच्याकडून कोलामी शब्द लिहून घेतलेत, वहीत दोनशेच्या वर झालेत. हा उपक्रम मी कोणत्याही प्रशिक्षणात ऐकलेला नव्हता. ही दोन माणसं एकाच आवारात रोज सहा तास होती आणि दोघांनाही एकमेकांची अडचण माहीत नव्हती, कारण तिसऱ्या कोणी त्यांना वेगवेगळं बसवून विचारलंच नव्हतं.

आता जागेबद्दल. मला हे सर्वात महत्त्वाचं वाटतं, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

एकट्याशी बोलायचं म्हणजे खोलीत घेऊन दार लावायचं नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर जो अत्याचार झाला, त्यानंतर कोणत्याही पालकाला शाळेतलं बंद दार चालणार नाही, आणि चालूही नये. आम्ही पटांगणातल्या कडुलिंबाखाली एक बाक टाकला आहे. सगळ्या वर्गांच्या खिडक्यांतून तो दिसतो, पण तिथलं बोलणं कोणाच्या कानावर पडत नाही. पावसात व्हरांड्याचं टोक. मार्च-एप्रिलात सकाळची शाळा असते तेव्हा ऊन चढायच्या आत. बाकावर मोठा माणूस आणि मूल समोरासमोर नाही तर काटकोनात बसतात, म्हणजे मुलाला सारखं आपल्या डोळ्यांत बघावं लागत नाही. मुलीला शिक्षकाऐवजी बाईंशी बोलायचं असेल तर तिने कारण न देता तसं सांगावं. ज्या शाळेत बाई नाहीत तिथे केंद्रातल्या दुसऱ्या शाळेतल्या बाई महिन्यातून एकदा येऊ शकतात. मुलींच्या सुरक्षेसाठीच्या सखी सावित्री समित्या कागदावर सगळ्या शाळांत आहेत, त्यांना हे काम द्या. तक्रारपेटीही सगळीकडे आहे. आमची मुख्याध्यापकांच्या दाराशेजारी टांगलेली होती, म्हणजे चिठ्ठी टाकणारं मूल सगळ्या व्हरांड्याला दिसणार. पहिली-दुसरीच्या मुलाला तर लिहिताच येत नाही. वर्षभरात तिच्यात एक पाल आणि दोन चॉकलेटचे कागद निघाले.

आणि एक चूक मी केली आहे ती सांगते, कारण ती तुमच्याकडूनही होऊ शकते. गेल्या वर्षी सातवीतल्या एका मुलीने बाकावर बसताच विचारलं, "कोणाले सांगणार नाही ना?" मी म्हटलं, "नाही सांगणार." तिचं लग्न ठरवत होते. तूर निघाली की साक्षगंध, म्हणजे साखरपुडा. ती तेरा वर्षांची. मी शब्द देऊन बसले होते आणि तो पाळणं शक्य नव्हतं. ग्रामीण भागात ग्रामसेवक, म्हणजे आताचे ग्रामपंचायत अधिकारी, हेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात. मी त्यांना सांगितलं, १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन केला, अंगणवाडीच्या ताई घरी गेल्या, बोलणी थांबली. ती मुलगी शाळेत आहे. पण पुढचे दोन महिने ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही, आणि तिच्या बाजूने ते बरोबरच होतं. मी तिला फसवलं होतं.

तेव्हापासून मी बोलणं सुरू व्हायच्या आधीच सांगते: "तू सांगशील ते मी वर्गात, घरी, कोणालाच सांगणार नाही. पण तुला कोणी त्रास देत असेल, तुझ्या जिवाला धोका असेल, तर मला मदत आणावीच लागेल, आणि कोणाला सांगणार ते मी आधी तुला सांगेन." दुसरीतल्या मुलालाही हे कळतं. लैंगिक अत्याचाराची नुसती शंका आली तरी २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. "शाळेचं नाव खराब होईल, आधी आपसात बघू" असं म्हणणारा मुख्याध्यापक कलम २१ प्रमाणे स्वतः गुन्ह्यात येतो. खोदून खोदून चौकशी करणं हेही आपलं काम नाही. ऐकायचं, मुलाच्याच शब्दांत लिहायचं, कळवायचं. हे आपल्यापैकी किती जणांना नीट शिकवलं गेलंय? एका शिक्षण परिषदेत चाळीस मिनिटं त्याला द्या. सातत्यपूर्ण मूल्यमापनाचे तक्ते आपण किती वर्षं समजून घेतोय, हेही समजू दे.

वेळ कुठून आणायचा, असं मला प्रत्येक जण विचारतो. आमच्या शाळेचा हिशेब सांगते. ९४ मुलं, मला धरून चार शिक्षक. प्रत्येकाच्या वाट्याला २३-२४ मुलं. दिवसाला एक मूल, दहा मिनिटं, जेवणाच्या सुट्टीच्या शेवटी. महिन्याभरात एक फेरी पूर्ण होते. तीन शिक्षक आणि दोन स्वयंपाकी ताई, प्रत्येकी पंधरवड्याला वीस मिनिटं, म्हणजे मला आठवड्याला एक तासही लागत नाही. दिवाळीनंतर कापसाची वेचणी सुरू झाली की मुलं आईबापाबरोबर शेतावर जातात, तेव्हा वेळापत्रक मोडतं. मग परत आलेल्या मुलांना आधी घेतो, कारण दोन-तीन आठवडे शाळा बुडालेलं मूल वर्गात शिरतानाच मनाने मागच्या बाकावर गेलेलं असतं. दोन शिक्षकी शाळेत एकाने सगळे वर्ग धरायचे आणि दुसऱ्याने बाकावर बसायचं. एकशिक्षकी शाळेत अवघड आहे, हे मान्य. तिथे केंद्रप्रमुखांनी भेटीला आल्यावर रजिस्टरं तपासण्याआधी अर्धा तास वर्ग सांभाळावा, एवढी माझी विनंती आहे. त्या शिक्षकाशीही कोणी तरी बोलेल. पोडावरच्या एकशिक्षकी शाळेतला माणूस दिवसच्या दिवस एकाही मोठ्या माणसाशी कामाचं बोलत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहेच.

कायदा यात आड येत नाही, उलट पाठीशी आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २४ मध्ये शिक्षकाने प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहून लागेल तिथे जादा मार्गदर्शन करावं असं म्हटलंय. प्रत्येक मुलाची, वर्गाची नव्हे. त्याच कायद्याच्या परिशिष्टात शिक्षकाचा आठवडा किमान ४५ तासांचा धरलाय आणि पूर्वतयारीचे तास त्यातच मोजलेत. कलम २७ मध्ये जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून इतर अशैक्षणिक कामं शिक्षकाला देऊ नयेत असं आहे. बाकावरची दहा मिनिटं या ४५ तासांत मोजा, एवढंच लेखी द्या. नाहीतर होतं काय, की दुपारी एक वाजता "तात्काळ माहिती सादर करा" असा निरोप येतो, आणि ज्या मुलाचा नंबर असतो त्याला मी म्हणते, "उद्या ये हं." एकदा म्हटलं तर ते समजून घेतं. दोनदा म्हटलं की त्याला कळतं आपली किंमत किती. आढावा बैठक पुढे ढकलली तर चालते. मुलाची पाळी ढकलली तर ती पुन्हा उभी करायला महिना जातो.

म्हणून साहेब, हात जोडून एक गोष्ट मागते. हे तुम्हाला पटलं, तर कृपा करून याचा उपक्रम करू नका. माहिती भरायची लिंक काढू नका. रोजचा अहवाल मागू नका. आणि सगळ्यात आधी, जिओ-टॅग केलेले फोटो मागू नका. ज्या दिवशी बाकावर बसलेल्या मुलाचा फोटो ग्रुपवर जाईल, त्या दिवशी तो बाक इतर बाकांसारखा होईल. हे चालू आहे की नाही हे तुम्हाला पाहायचंच असेल, तर शाळेत या आणि कोणत्याही तीन मुलांना एकेकटं विचारा, "तुझा नंबर कधी लागला होता?" त्यांना तारीख सांगता आली तर चालू आहे.

मी एक वही ठेवते. त्यात मुलाचं किंवा शिक्षकाचं गुपित लिहीत नाही. तारीख, नाव, आणि मी काय कबूल केलं, एवढंच. "चष्म्यासाठी बुधवारी रुग्णालय." "सरांच्या वर्गावर सोमवारी बसणार." "मैदानावरचा नळ." समोर माझीच सही, काम झाल्यावर. कपाटाची किल्ली माझ्याकडे असते. गंभीर बाब असेल तर तिची नोंद वेगळी, कायद्याप्रमाणे. वहीतली निम्मी कामं अजून बाकी आहेत. नळ अजून गळतोच आहे.

मुख्याध्यापक बंधू-भगिनींनो, तुम्हाला शेवटी दोन शब्द. शिक्षकाशी बोलायला बसाल तेव्हा त्याची फाईल आणू नका. पहिली दहा मिनिटं त्याची असू द्या, काय बोलायचं ते त्याला ठरवू द्या. तो काहीच बोलला नाही तर बसून राहा. चूक दाखवायची असेल तर तिथेच, तुम्हा दोघांत दाखवा, आणि नंतर बैठकीत ती पुन्हा काढू नका. काढलीत तर तो माणूस परत कधीच खरं सांगणार नाही. एखादा शिक्षक फार खचलेला दिसला, झोप नाही, जेवण नाही, तर नुसता धीर देऊन सोडू नका, १४४१६ हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा मोफत नंबर आहे, त्याच्यासमोर बसून लावून द्या. ज्या जिल्ह्यांत कर्जापायी गळफास घेतलेल्या बापांची मुलं आपल्या वर्गांत बसतात, तिथे हे सांगायला मला संकोच वाटत नाही. त्या मुलांसाठी राज्याची बालसंगोपन योजना आहे. आमच्या शाळेत पात्र असलेली दोन मुलं आम्हाला बाकावरच सापडली. वडील गेल्याचं गावाला माहीत होतं, पण अर्ज कोणी केला नव्हता, कारण आईने ते चारचौघांत कधी बोलून दाखवलं नव्हतं.

पुढच्या महिन्यात आमच्या केंद्राची शिक्षण परिषद आमच्याच शाळेत आहे. साहेब, त्या दिवशी या. भाषणासाठी नाही. मी केंद्रप्रमुखांशी बोलून ठेवलंय, जेवणानंतरचा एक तास मोकळा ठेवलाय. कडुलिंबाखाली बाक असेल. तुम्ही एका बाजूला बसा, आणि केंद्रातले ज्यांना वाटेल ते शिक्षक एकेक करून दहा मिनिटं येतील. आम्ही बाकीचे सगळे व्हरांड्यात असू, तुम्हाला दिसेल इतक्या अंतरावर.

आपली नम्र,
एक प्रभारी मुख्याध्यापिका
जिल्हा परिषद उच्च प्राथमिक शाळा, यवतमाळ जिल्हा